साठीनंतरचा पेहराव: टोपी, पटका आणि ट्रंकेतले जुने कपडे

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आमच्या परभणीच्या घरी बोहारणीला देण्यासाठी कपड्यांचा ढीग काढून ठेवला होता आणि त्याच्या अगदी तळाशी वडिलांचा काळा लोकरी कोट होता. एका स्टीलच्या डब्याच्या बदल्यात तो जाणार होता. मी तो ओढून काढला, झटकला आणि अंगात घातला. खांदे दोन्हीकडे बोटभर उतरले, पोटावरची गुंडी काजापर्यंत पोहोचेना, आणि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी वडिलांचा कोट चोरून घातलेल्या पोरासारखा दिसू लागलो. तेव्हापासून शिंपी, रफूगर आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका यांच्याकडून जे शिकलो, ते इथे क्रमाने लिहीत आहे. जुना कपडा जसाच्या तसा अंगावर चढवला की माणूस नाटकातला वाटतो. तोच कपडा आजच्या अंगाला बसवून घेतला, त्याच्या जोडीला बाकीचे साधे कपडे ठेवले आणि डोक्यावर आपल्याला शोभणारे काहीतरी आले, म्हणजे तो आपला पेहराव होतो. पुढच्या सगळ्या सूचना याच एका गोष्टीसाठी आहेत.

ट्रंक उघडताना

सुरुवात दुकानापासून करू नये, घरातल्या ट्रंकेपासून करावी. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत जे कपडे सापडतात ते दोन काळांचे असतात. आमच्याच घरातले उदाहरण देतो. आजोबांचा स्टुडिओत काढलेला फोटो आहे, त्यात ते शेरवानी आणि गोंड्याची लाल रुमी टोपी घालून बसले आहेत; १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचे राज्य संपल्यानंतरच्या वडिलांच्या फोटोत मात्र पांढरी खादीची टोपी आणि नेहरू शर्ट आहे. तुर्कस्तानात १९२५ साली कायद्याने बंद झालेली ती लाल टोपी आमच्या भागात त्यानंतरही वापरात होती, कारण हैदराबाद संस्थानात दरबारी आणि कचेरीच्या पोशाखावर तुर्की वळणाची छाप होती. तेव्हा ट्रंकेत अचकन निघाली काय किंवा जाडाभरडा खादीचा सदरा निघाला काय, दोन्ही आपल्याच घरचे समजावे.

कपडे बाहेर काढल्यावर लगेच घालून पाहू नयेत. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले रेशीम त्या घडीवर कमकुवत झालेले असते आणि हात वर करताच ते चरकन फाटते. आधी कपडा स्वच्छ चादरीवर पसरावा, मग खिडकीसमोर उजेडाच्या विरुद्ध धरावा. घडीच्या रेषेवर बारीक भेगांतून उजेड येत असेल, तर तो कपडा अंगावर घालण्याच्या लायकीचा राहिलेला नाही. उजेड येत नसेल, तर दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये टीचभर अंतर ठेवून कापड हलके ताणावे, एकदा ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, दिशेने आणि एकदा बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या, दिशेने. धागा सरकला किंवा कुरकुरला, तर थांबावे. लोकरीच्या कपड्यात कसर लागलेली आहे का, हे कॉलरच्या खाली आणि काखेत पाहावे, कारण घाम मुरलेली जागा किडीला आधी आवडते. कसरीची शंका असेल, तर कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवावा आणि नंतर ब्रशने झाडून सावलीत वाऱ्यावर टाकावा. घरातली मंडळी हसतील, पण किडीची अंडी मरतात.

या तपासणीनंतर तीन ढीग करावेत: घालण्याजोगे, दुरुस्त करून घालण्याजोगे, आणि फक्त कापड म्हणून उपयोगी पडणारे. तिसरा ढीगही टाकून देऊ नये. जुन्या खऱ्या जरीच्या साड्या विकत घेणारे फेरीवाले गल्लीत येतात, ते जरी जाळून त्यातली चांदी काढतात. त्यांनी सांगितलेली किंमत कितीही बरी वाटली तरी काठ हातचा घालवू नये. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

डोके मोजणे आणि निवड करणे

पेहरावाची सुरुवात डोक्यापासून करावी असे माझे मत आहे, आणि त्याला मराठवाड्यातले ऊन हे पुरेसे कारण आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना डोक्यावर काही घेतलेल्या माणसाला कोणी नखरेल म्हणत नाही. शिवाय चेहऱ्याच्या सर्वांत जवळची वस्तू तीच असते, त्यामुळे कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक तिनेच पडतो.

मोजमाप असे घ्यावे. कापडी टेप कपाळावर, भुवयांच्या दोन बोटे वर ठेवावी, कानांच्या किंचित वरून फिरवून मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून आणावी आणि टेपच्या आत एक बोट सहज सरकेल इतकी सैल ठेवून आकडा वाचावा. आपल्याकडची टोपी इंचांत मिळते, हॅट बहुधा सेंटिमीटरमध्ये. २२ इंच म्हणजे साधारण ५६ सेंटिमीटर. तरुणपणीच्या मापावर विसंबू नये. केस विरळ झाले की माप थोडे कमी होते आणि जुनी टोपी भुवयांवर उतरते. टोपीच्या आत घामाची पट्टी असेल, तर तिच्या मागे जाड सुती कापडाची घडी सारून टोपी घट्ट करता येते; टोपी लहान असेल, तर मात्र ताणून उपयोग नाही.

पांढरी टोपी सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत अवघड. ती खादीची असावी. चकाकणाऱ्या मिश्र धाग्याच्या टोपीला कितीही इस्त्री केली तरी ती धार धरत नाही. धुताना शेवटच्या पाण्यात निळीचे दोनच थेंब घालावेत, भाताची पातळ पेज गाळून तिची खळ द्यावी आणि टोपी पूर्ण वाळण्याआधी, म्हणजे थोडी दमट असतानाच, उलट्या बाजूने इस्त्री फिरवावी. घालताना ती भुवईच्या तीन बोटे वर असावी आणि एका बाजूला किंचित कललेली असावी, इतकी किंचित की पाहणाऱ्याला कळावे पण सांगता येऊ नये. पांढऱ्या टोपीची एक अडचण आहे. मी ती घालून पहिल्यांदा भाजी आणायला गेलो, तेव्हा माझाच एक जुना विद्यार्थी गाडी थांबवून म्हणाला, “काय सर, यंदा जिल्हा परिषदेला उभे राहता का?” पांढऱ्या टोपीच्या एका बाजूला पुढारी उभा असतो आणि दुसऱ्या बाजूला वारकरी, आणि पाहणारा आपल्याला त्यांपैकी एकाच्या रांगेत बसवतो. हे नको असेल, तर टोपी खादीचीच पण बदामी, राखी किंवा मातकट रंगाची शिवून घ्यावी. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वजासाठी लागणारी खादी तयार करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी आहे. आपल्या भागात खादी भांडारात चांगले कापड मिळते आणि कुठलाही शिंपी पाव मीटरमध्ये टोपी काढून देतो.

पटक्याविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण तो आता फक्त लग्नात, भाड्याने आणलेल्या माणसाकडून, शिवलेल्या टोपीसारखा डोक्यावर बसवला जातो. शेतकऱ्याचा पटका ही फार कामाची वस्तू होती. ऊन अडवायला, थंडीत कान झाकायला, उशाला घ्यायला आणि वेळप्रसंगी तांब्याला बांधून विहिरीतून पाणी शेंदायला तो उपयोगी पडे. रोजच्या वापरासाठी पाच मीटरच्या आसपास लांबीचे पातळ सुती कापड घ्यावे. वयस्क मानेवर याहून जास्त ओझे नको. रेशमी किंवा जरीचा फेटा दिसायला छान, पण घसरतो आणि उकडतो. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या परिसरात पगडीचे उत्तम रंगीत मलमल मिळते. रंग निवडताना एवढे ध्यानात असू द्यावे की हल्ली काही रंग पाहिले की लोक पक्षाचे नाव घेतात. डाळिंबी, जांभळा, मोतिया किंवा गव्हाळ रंग अजून कोणाच्या मालकीचा झालेला नाही.

बांधताना खुर्चीवर बसावे. हात बराच वेळ डोक्याच्या वर राहिले की या वयात कधीकधी भोवळ येते, म्हणून उभ्याने बांधण्याचा आग्रह धरू नये. कापडाची रुंदी हातात गोळा करून हलका पीळ द्यावा. एका टोकाचा हातभर भाग शेमल्यासाठी पाठीवर सोडावा आणि तो सरकू नये म्हणून कोणालातरी धरायला सांगावा. एकटे असाल तर ते टोक खांद्यावरून पुढे घेऊन दातांत धरावे, जुने लोक तसेच करीत. पहिला फेरा मानेच्या वरून, कानाच्या टोकाला स्पर्श करीत, कपाळावरून सरळ आणि घट्ट घ्यावा. हाच पाया असतो; तो ढिला राहिला तर पुढचे सगळे फेरे उतरतात. दुसरा फेरा कपाळावर उजवीकडे चढता घ्यावा, तिसरा डावीकडे चढता, आणि असे आलटून पालटून पेच बसवावेत, म्हणजे कपाळाच्या मधोमध उताराची दोन छपरे मिळाल्यासारखी रेघ तयार होते. मधला माथा उघडा राहू नये म्हणून एका फेऱ्याचे कापड पीळ सोडून वर पसरावे. उरलेले टोक मागच्या फेऱ्यात खोचावे. तुरा काढण्याचा मोह रोजच्या पटक्यात टाळावा, तो लग्नासाठी राहू द्यावा. खांदा दुखत असेल, तर गुडघा उभा करून त्यावर पटका बांधावा आणि मग उचलून डोक्यावर ठेवावा. पहिले आठ-दहा दिवस तो उतरेलच. मला सोळा दिवस लागले.

हॅट आपली नाही, असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या सरकारी अभियंत्यांच्या आणि वन खात्यातल्या माणसांच्या घरांत फेल्टच्या, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीच्या, किंवा शोला या पाणवनस्पतीच्या हलक्या गाभ्याच्या हॅट अजून खुंटीला असतात, आणि सदऱ्यावर जाकीट घातलेल्या माणसाला मध्यम काठाची हॅट उत्तम शोभते. उन्हाळ्यासाठी वेताची किंवा गवताची हॅट घ्यावी. जिला पनामा म्हणतात, ती मुळात एक्वाडोर देशात विणली जाते. हॅटचा काठ आपल्या खांद्यांच्या रुंदीच्या मानाने असावा: लहान चणीच्या माणसाने रुंद काठाची हॅट घातली की तो छत्रीखाली उभा असल्यासारखा दिसतो. हॅट उचलताना माथ्याची चिमूट धरू नये, काठ धरावा. चिमटीमुळे तिथे आधी डाग पडतो आणि मग चीर जाते. काढून ठेवताना ती माथ्यावर उलटी ठेवावी, नाहीतर काठ सपाट होतो. फेल्ट पावसात भिजले तर पंख्याखाली वाळवावे, उन्हात किंवा चुलीजवळ नाही. धूळ मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडावी. आणि काहीही झाले तरी फेल्ट किंवा लोकरीची टोपी पाण्यात धुवायला देऊ नये. वडिलांची काळी टोपी मी शहरातल्या एका लाँड्रीत दिली होती. परत आली तेव्हा ती नातवाच्या बाहुलीला बसेल एवढी झाली होती.

हिवाळ्यातल्या कानटोपीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. फक्त कानात श्रवणयंत्र असेल तर कान पूर्ण झाकले की ते शिटी वाजवते. अशा वेळी कानावरून न जाता मागे बसणारी लोकरी टोपी आणि गळ्याशी मफलर घ्यावा.

शिंप्याकडे जाताना

उतारवयात उंची थोडी कमी होते, खांदे पुढे येतात आणि पाठीला बाक येतो. त्यामुळे जुना कोट किंवा बंद गळ्याचे जाकीट पुढून लोंबते आणि मागून वर चढते. माणूस वाकलेला दिसतो, त्यात त्याच्या पाठीइतकाच या लोंबण्याचाही दोष असतो. शिंप्याला नेमके शब्द सांगावेत: पुढची लांबी कमी करा, खांद्याची शिवण उसवून आत घ्या, बाही मनगटाच्या हाडावर संपू द्या. पोटावर कपडा वाढवायचा असेल, तर बाजूच्या शिवणी उसवून आत किती माया सोडली आहे ते पाहायला सांगावे. माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जादा कापड. जुने शिंपी हात सैल ठेवून माया सोडत, त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीच्या कोटात दोन-अडीच इंच सहज निघतात. हल्लीच्या तयार कपड्यात अर्धा इंचही निघत नाही. वडिलांच्या कोटाला बाजूंनी मिळून दोन इंच निघाले. उसवलेल्या जागी कापडाचा रंग गडद, जवळजवळ नवा होता, आणि बाहेरचा उडालेला. शिंप्याने ती पट्टी हातावर धरून मला दाखवली आणि म्हणाला, “मूळ रंग बघा, गुरुजी.” शेवटी ती गडद पट्टी बाहीच्या खाली येईल अशी त्याने बसवली, म्हणजे हात खाली असताना ती दिसत नाही.

बोटांचे सांधे दुखत असतील, तर जुन्या गुंड्या काढून टाकू नयेत. त्या दर्शनी बाजूला तशाच शिवून ठेवाव्यात आणि आत टिचबटणे लावून घ्यावीत. धोतर नेसण्याची हौस असेल, तर निऱ्यांची लांबी पावलाच्या चार बोटे वर ठेवावी, कारण पायऱ्या उतरताना अंगठ्यात अडकलेली निरी या वयात महागात पडते. शिवलेले धोतर घालावे का? बेशक घालावे. कंबरेची गाठ सुटेल या धास्तीने सबंध समारंभभर पोटावर हात धरून बसलेला माणूस काही रुबाबदार दिसत नाही.

लुगडी, खण आणि हिमरू

बायकांच्या बाबतीत पहिला अडसर कपड्याचा नसतो, लोकांच्या तोंडाचा असतो. साठी उलटली की फिके रंग, नवरा गेला की त्याहून फिके, ही रीत अजून आपल्या गावांतून पुरती गेलेली नाही. माझ्या धाकट्या मावशीने त्यावर जो उपाय केला तो मला फार आवडला: तिने नवे भडक काही घेतले नाही, तर स्वतःच्याच लग्नातले डाळिंबी इरकल बाहेर काढले. स्वतःच्या जुन्या कपड्याला “या वयात कशाला” असे म्हणणे लोकांनाही जड जाते.

इरकलचे अंग बहुधा सुती आणि पदर रेशमी असतो. पदराचा ताणा अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. जुन्या लुगड्यात हाच सांधा आधी तपासावा. सुती आणि रेशीम वेगवेगळे आटतात आणि लाल पदराचा रंग जातो, म्हणून थंड पाण्यात, रिठ्याच्या फेसात, पदर वेगळा धरून धुवावे आणि पिळू नये. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. ते रोज पेलवत नसेल, तर सणाला नेसावे आणि एरवी सहावारीवर जुन्या खणाची चोळी घालावी. साधी सुती साडी, खणाची चोळी आणि नीट बसवलेला अंबाडा एवढ्यावरही पेहराव उभा राहतो.

हातमागाची खरी पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, कारण तिच्या पदरातली नक्षी रंगीत धागे एकमेकांत अडकवत विणलेली असते आणि मागे धागे लोंबत नाहीत. याचा फायदा असा की जुन्या पैठणीचा दर्शनी रंग उडाला असेल, तर ती उलटून नेसता येते; पैठणला मागावर बसलेल्या विणकराला दाखवली, तर तो विरलेल्या जागी काय करता येईल हेही सांगतो. हिमरूचे नेमके उलट असते. त्यात सुती ताण्यावर रेशमाची वेलबुट्टी काढलेली असते आणि मागच्या बाजूला धागे मोकळे सुटलेले असतात, त्यामुळे अंगठी किंवा बांगडी अडकून ते ओढले जातात. छत्रपती संभाजीनगरची हिमरू शाल घरात असेल, तर तिला मागून मऊ सुती अस्तर लावून घ्यावे. तशीच्या तशी शाल म्हणून ती दिवसेंदिवस झिजते. अस्तर लावून बिनबाह्यांचे जाकीट केले, तर ती बाई आणि पुरुष दोघांनाही शोभते. पण चांगली शाल कापू नये. कापायची ती आधीच फाटलेली.

तिसऱ्या ढिगातले काठ इथे कामी येतात. जरीचा काठ साध्या खादीच्या टोपीच्या पट्टीवर, जाकिटाच्या उभ्या कॉलरवर किंवा सुती ब्लाऊजच्या बाहीवर लावावा. तिन्ही ठिकाणी एकाच वेळी लावू नये.

घालून बाहेर पडताना

एका वेळी एकच जुनी वस्तू अंगावर असावी, आणि डोक्यावरची वेगळी धरावी. वडिलांचा कोट असेल, तर खाली आजची साधी पँट आणि पायात मऊ तळाच्या नेहमीच्या वहाणा. आजोबांची शेरवानी, त्यांची काठी, त्यांचा चश्मा आणि त्यांचीच टोपी, असा सगळा सरंजाम केला की लोक आपल्याकडे पाहत नाहीत, आजोबांकडे पाहतात. पहिल्यांदा लग्नात घालण्याचा बेत करू नये. लग्नात सगळ्यांनीच फेटे बांधलेले असतात, आणि तिथला पेहराव मांडवाबरोबर सुटतो. त्यापेक्षा बँकेत जावे, दवाखान्यात जावे, आठवडी बाजारात जावे. पंधरा दिवसांनी कोणी विचारत नाही, आणि महिनाभराने एखाद्या दिवशी टोपी विसरली तर “आज टोपी कुठे?” असे विचारतात. मग दुसरी वस्तू काढावी.

ठेवणीत ठेवताना

खळ दिलेले कपडे तसेच ठेवू नयेत. खळीवर कसर येते, म्हणून ठेवणीत टाकण्यापूर्वी ती धुऊन काढावी. जरीला डांबराच्या गोळ्यांचा आणि अत्तराचा स्पर्श होऊ देऊ नये. आमच्या आईच्या शालूचा काठ मीच गोळ्या टाकून काळा केला आहे. प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून टाकून जुन्या धुतलेल्या धोतराच्या पानात कपडा गुंडाळावा, घडी दर तीन-चार महिन्यांनी बदलावी, आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला व लवंगा वेगळ्या पुरचुंडीत कोपऱ्यात ठेवाव्यात. पावसाळा संपल्यावर आश्विनात सगळे एकदा सावलीत वाऱ्यावर टाकावे.

शेवटचे काम दहा मिनिटांचे आहे. पांढऱ्या सुती नाडीचा दोन इंचांचा तुकडा घेऊन त्यावर धुतल्यावर न जाणाऱ्या शाईने कपडा कोणाचा, कुठे शिवला आणि केव्हा काय बदलले ते लिहावे, आणि तो अस्तरात चार टाक्यांनी बसवावा. वडिलांच्या कोटाच्या आत मी लिहिले आहे: “अण्णांचा कोट, परभणी. बाजूंना दोन इंच सोडले, पुढून दीड इंच कमी.” त्याखाली जागा रिकामी ठेवली आहे, कारण थोरल्या नातवाचे खांदे माझ्यापेक्षा रुंद निघतील असे शिंप्याचे म्हणणे आहे.